भातकापणी हा साप नव्हे!

सुरुवातीलाच कबूल करते. मी मराठी विभागात लिहितेय याचं टेन्शन माझ्यापेक्षा माझ्या रूममेट्सना जास्त आहे. पहिली ते दहावी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये काढली. मराठीचा तास म्हणजे आमच्यासाठी खिडकीबाहेर बघायचा तास! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मनावर घेऊ नका. निम्म्या संपादक मंडळाने सुधारल्यात, उरलेल्या माझ्या स्वतःच्या. हाच लेख इंग्लिश विभागात दिला असता तर मला सोपं गेलं असतं, पण ज्यांच्यासाठी लिहायचा त्यांनीच पान उलटलं असतं. म्हणून हा खटाटोप.

विषय आहे खेळ. क्रिकेट-कॅरम नाही हं. कॉलेजचं आयुष्य कसं निभवायचं ते शिकवणारा, टेबलावर मांडून खेळायचा खेळ. हसलात ना? आमच्या रेक्टर मॅडमसुद्धा हसल्या होत्या. "आधीच तुम्ही अभ्यास करत नाही, त्यात आता खेळ शोधून काढणार?" असं म्हणाल्या होत्या. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, पण त्यावर नंतर येते.

आधी एक गोष्ट सांगते. एफईला आमच्या खोलीत आम्ही चौघी होतो. दोघी पुण्याकडच्या, एक सातारची आणि एक वेल्ह्याची. (सरकारी कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड, पण तिच्या तोंडी अजून वेल्हंच.) तिचं गाव तोरण्याच्या पायथ्याला. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स नावापुरतं इंग्लिशमध्ये. सीईटीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे मुद्दाम सांगते.

पहिल्या महिन्यात ती पहिल्या बाकावर बसायची. दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या बाकावर. दिवाळीनंतर ती कुठे बसते हे मला आठवत नाही, कारण मी तेव्हा माझ्या जर्नलमध्ये बुडाले होते. तिचे तीन विषय राहिले. दुसऱ्या सेमला आणखी दोन. जूनमध्ये वायडी लागला आणि जुलैत तिचे वडील गाडी घेऊन आले. तिने गादी गुंडाळली, बादली उचलली आणि आम्हाला "येते गं" म्हणून गेली. आम्ही तिघी दारात उभ्या होतो. मला तेव्हा एवढंच सुचलं, "फोन कर हं!"

ती गेल्यावर महिनाभराने मला कळलं की अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना असते. फॉर्म महाडीबीटीवर भरायचा. तिने तो भरलाच नव्हता, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलींच्या फी माफीचंही तसंच. २०२४ पासून वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. हे ऑफिसबाहेरच्या बोर्डवर लिहिलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की मी तिथून रोज जाऊनही वाचलं नव्हतं. अर्थात फक्त पैशांमुळे ती गेली असं मी म्हणत नाही. पाच-सहा छोट्या गोष्टी होत्या. त्यातली एकही एकटीने कुणाला कॉलेज सोडायला लावणारी नव्हती. सगळ्या एकाच सेममध्ये आल्या, एवढंच.

आता आपल्या इंडक्शनबद्दल. एआयसीटीईने २०१७ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आणला. हेतू फार चांगला. मुलं रुळावीत, एकमेकांची आणि शिक्षकांची ओळख व्हावी, लगेच अभ्यासाचा बोजा पडू नये. आमच्या वाट्याला काय आलं? भाषणं. 'टाइम मॅनेजमेंट' या विषयावर पाहुणे आले होते. स्लाइडवर घड्याळाचं चित्र, खाली 'प्लॅन युवर डे'. मी पूर्ण ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि त्या रात्री अडीच वाजता झोपले. पोहणं जसं फळ्यावर शिकता येत नाही तसंच हे. पाण्यात पडावं लागतं. पण खऱ्या पाण्यात पडून शिकायचं तर एखादी बुडते, आणि वर्ष जातं. मग जिथे बुडलं तरी वर्ष जाणार नाही असं उथळ पाणी कुठलं? तर खेळ.

ही कल्पना काही माझ्या सुपीक डोक्यातली नाही. आपल्याकडे ती फार जुनी आहे. ज्याला आपण सापशिडी म्हणतो तिचं मूळ मोक्षपट. संत ज्ञानेश्वरांनी तो तयार केला असं आपल्याकडे परंपरेने मानतात. सापांना दुर्गुणांची नावं, शिड्यांना सद्गुणांची, आणि शेवटच्या घरात मोक्ष. कवड्या टाकत टाकत माणसाने कसं वागावं ते शिकायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडमध्ये पोचला आणि हळूहळू त्यातली नावं गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या.

गेल्या वर्षी, म्हणजे एसईला, मिनी-प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी हाच विषय घेतला. आधी अर्थातच अ‍ॅप करणार होतो. (कॉम्प्युटरवाल्यांना भूक लागली तरी ते अ‍ॅप करतात!) पण पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता सरांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि जुन्या वर्तमानपत्रांतून जी शेकडो खेळणी उभी केली, ती मी शाळेत असताना पाहिली होती. मग वाटलं, आपलं अ‍ॅप ज्या मोबाइलवर चालणार तो मोबाइलच तर आपला सगळ्यात मोठा साप आहे! म्हणून ग्राफिक्सचं जुनं ए-वन शीट पालथं घातलं आणि मागच्या बाजूला सापशिडी काढली. 'रात्रभर मूव्ही' हा साप. 'रोज लायब्ररी' ही शिडी. 'मेसऐवजी मॅगी' साप, 'वेळेत जर्नल सर्टिफाय' शिडी. आणि ९४ नंबरच्या घरात, फिनिशच्या अगदी जवळ, एक लांबलचक साप होता : 'सबमिशनच्या आठवड्यात गावी'. त्याखाली आम्ही हौसेने भाताच्या लोंब्या काढल्या होत्या.

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एफईच्या मुलींना खेळायला बसवलं. खूप हशा पिकला. आम्ही खूश. तेवढ्यात हिर्डोशी खोऱ्यातली एक मुलगी ९४ वर आली आणि सोंगटी हातात धरूनच थांबली.

"ताई, भातकापणी हा साप कसा?"

मी म्हटलं, "अगं, सबमिशन बुडतं ना."

"कापणीला गेलं नाही तर भात बुडतो. मग मेसचे पैसे कुठून द्यायचे?"

टीव्ही रूममध्ये एकदम शांतता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. भोर-वेल्ह्यात ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत भाताची कापणी आणि झोडणी चालते. आपलं पहिलं सेम नेमकं तेव्हाच सबमिशनला येतं. पाऊस परत यायच्या आत भात घरात आणायचा तर माणसं लागतात, आणि मजूर लावायचे तर पैसे. मी दोन वर्षं या तालुक्यात राहिले. याच शेतांमधून एसटीने गेले, इंद्रायणीच्या वासाचं कौतुक केलं, बाणेश्वरला जाऊन फोटो काढले. आणि हे सगळं मी मूव्हीच्या आणि मॅगीच्या रांगेत नेऊन बसवलं! खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या रूममेटची आठवण झाली. एफईला नोव्हेंबरमध्ये ती चार दिवस घरी गेली होती, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "तू ना सीरियसच नाहीयेस."

त्या रात्री सापशिडी फाडून टाकली. दोन चुका होत्या. पहिली म्हणजे फासा. सापशिडीत सगळं फासाच ठरवतो, खेळणारा काहीच ठरवत नाही. जिथे काही ठरवायचंच नाही तिथे शिकायचं काय? दुसरी चूक मोठी. काय चांगलं, काय वाईट हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते पुण्यातल्या एका मुलीच्या डोळ्यांनी.

खेळावर काय छापलंय त्यापेक्षा त्याचे नियम काय सांगतात ते महत्त्वाचं असतं. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. भाड्याच्या जोरावर जमीनमालक कसा श्रीमंत होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दिसावं म्हणून तिने तो केला होता. त्यातूनच पुढे मोनोपॉली निघाला, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो बाजारात आणला, आणि दुसऱ्याला कंगाल करण्यात मजा असते हे लोक त्यातून शिकले! आपण लहानपणी 'व्यापार' खेळायचो तो याच कुळातला. हेतू एक, नियम दुसरेच. आमच्या सापशिडीचंही तेच झालं होतं.

मग दुसरा खेळ केला. नाव 'चिंचोके'. हिशोब साधा आहे, वहीत मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. लेक्चर-प्रॅक्टिकलचे ३५. आंघोळ, जेवण, कपडे धुणं वगैरे रोज तीन तास, म्हणजे २१. उरले ६३. तीन तासांचा एक चिंचोका धरला तर हॉस्टेलवाल्याला आठवड्याला २१ चिंचोके मिळतात. ते त्याने चार वाट्यांमध्ये टाकायचे : अभ्यास, सबमिशन, कामं (बँक, फॉर्म, घरचं) आणि माणसं. कमी पडले तर झोपेतून उसने घ्यायचे. तीन उसने झाले की तापाचं कार्ड. सोळा आठवड्यांचं सेम, दर आठवड्याला एक कार्ड उचलायचं. चौघांनी खेळायचं. तास-दीड तासात एक सेम संपतं.

पहिल्यांदा आम्ही सगळ्यांना २१ चिंचोके वाटले. तेव्हा वेल्ह्याच्या बाजूने रोज अप-डाउन करणारा एक ज्युनिअर म्हणाला, "माझ्याकडे एवढे नाहीत." जायला दोन तास, यायला दोन तास. एसटीची वाट बघणं, चेलाडीला उतरणं, पुढे मिळेल ते वाहन, हे सगळं धरून. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे २४ तास, आठ चिंचोके. त्याच्याकडे उरले १३. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांत पहिल्या दिवशीच आठ चिंचोक्यांचा फरक! आणि आपण दोघांनाही तेच भाषण देतो : प्लॅन युवर डे.

आता खेळात हे आहे. सुरुवातीला चिठ्ठी उचलायची. कुणाला २१, कुणाला १३. कुणाला महिन्याचे पैसे पुरतात, कुणाला नाही. भातकापणीचं कार्डही आहे, पण आता तो साप नाही. कार्डावर लिहिलंय : 'घरी कापणी. गेलात तर चार चिंचोके खर्च आणि घरचे तांदूळ. नाही गेलात तर चिंचोके शिल्लक, आणि घरच्यांचा फोन.' काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. खेळ कुणालाच 'तू सीरियस नाहीस' म्हणत नाही.

मॅनेजमेंटच्या जगात एक प्रसिद्ध खेळ आहे, नाव 'बिअर गेम'. (रेक्टर मॅडम, घाबरू नका. यात बिअर फक्त कागदावर असते!) १९६० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने तो तयार केला. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार जण एका साखळीत बसतात आणि प्रत्येकजण मागच्याकडे ऑर्डर देतो. गिऱ्हाइकांची मागणी फक्त एकदा थोडीशी वाढते, पण ऑर्डर आणि माल पोचायला वेळ लागतो म्हणून साखळीत नुसता गोंधळ उडतो. कुणाकडे मालाचे डोंगर, कुणाकडे रिकामी गोदामं. खेळ संपल्यावर प्रत्येकजण शेजाऱ्याला दोष देतो. आणि मग दाखवलं जातं की माणसं बदलली तरी गोंधळ तोच होतो, कारण दोष साखळीच्या रचनेत आहे. हॉस्टेलच्या खेळाने हेच दाखवायला हवं असं मला वाटतं. तेरा चिंचोके कुणाच्याही हातात द्या, मग तो टॉपर का असेना, दहाव्या आठवड्यात तो झोपेतून उसने घेणारच.

हे आम्ही करून पाहिलं. आमच्या टीचर गार्डियन सरांना खेळायला बोलावलं आणि चिठ्ठीची थोडी लबाडी करून १३ चिंचोके दिले. सर उत्साहात बसले. "सोपं आहे रे, प्लॅनिंग पाहिजे." सहाव्या आठवड्यात सरांना ताप आला. नवव्यात पुन्हा. अकराव्या आठवड्यात सबमिशनची वाटी रिकामी, आणि सर चष्मा काढून म्हणाले, "अरे, हे शक्यच नाहीये!" मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "हो सर."

सर हसले, पण नुसतं हसून सोडून दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी अप-डाउनवाल्यांची प्रॅक्टिकलची बॅच संध्याकाळची सकाळी केली. त्यात कुणाचं काही गेलं नाही, आणि दहा-बारा जणांना संध्याकाळची गाडी मिळायला लागली. वर्षभर अर्ज देऊन जे झालं नव्हतं ते दीड तासाच्या खेळाने झालं. सरांना ते माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण स्वतःच्या मुठीत तेरा चिंचोके घेऊन पाहिले नव्हते.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि तो माझा नाही. जानेवारीत आम्ही तिघी आमच्या जुन्या रूममेटला भेटायला गेलो. ती सध्या नसरापूरला एका दुकानात हिशोब बघते आणि राहिलेल्या विषयांचा अभ्यास करते. तिच्या घरी, पडवीत बसून चौघी 'चिंचोके' खेळलो. समोर तोरणा, आईने केलेला चहा, आणि चिंचोकेही त्यांच्याच झाडाचे! तिने शांतपणे सोळा आठवडे खेळून काढले आणि मग विचारलं, "तुमच्या खेळात विचारणं किती चिंचोक्यांचं आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे सरांना शंका विचारणं, ऑफिसात फॉर्म विचारणं, तुम्हाला विचारणं. तुम्ही ते फुकट ठेवलंय. मला तेच सगळ्यात महाग होतं."

तिने सांगितलं की एफईला तिने फक्त एकदा वर्गात शंका विचारली होती, मोडक्या इंग्लिशमध्ये. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ती परत बोलली नाही. कोण हसलं ते तिने सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारायचं धाडस केलं नाही. मी कॉन्व्हेंटची, वर्गात दर तासाला हात वर करणारी. मला ते फुकट होतं, म्हणून ते फुकटच असतं असं मी धरून चालले होते.

त्या दिवसापासून खेळात 'विचारणं' विकत घ्यावं लागतं. पहिल्यांदा विचारायला तीन चिंचोके, दुसऱ्यांदा दोन, मग एक, आणि त्यानंतर फुकट. आणि शेजारचा खेळाडू "चल, मी येते तुझ्याबरोबर" म्हणाला तर पहिल्यांदाच फक्त एक. भत्त्याचा फॉर्म, नोट्स, डॉक्टर, समुपदेशक, सगळं या 'विचारा'च्या दारामागे आहे. आणि शेवटचा नियम असा : या खेळात कुणी एकटा जिंकत नाही. चौघांचं सेम पूर्ण झालं तर टेबल जिंकलं. एकजण जरी बाहेर पडला तर सगळे हरले.

आता रेक्टर मॅडमच्या मुद्द्याकडे येते. खेळाने वेळ जातो हे खरं आहे. पण आम्ही सेममध्ये एकदाच, तेही पहिल्या दोन आठवड्यांत खेळायला सांगतोय, रोज नाही. दुसरा आक्षेप सीनिअर्सचा : "त्यापेक्षा अ‍ॅप करा, अटेंडन्सला पॉइंट द्या, बॅज द्या, लीडरबोर्ड लावा." याला माझा सक्त विरोध आहे. पॉइंट लावले की मुलं पॉइंटसाठी खेळतात. जर्नल जसं आपण शिकण्यासाठी न लिहिता सहीसाठी लिहितो, तसंच. आणि लीडरबोर्डवर तेरा चिंचोकेवाला कायम खालीच राहणार. त्याला हे रोज मोठ्या अक्षरात दाखवायची गरज नाही, त्याला माहीत आहे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला पटतो. खेळ म्हणजे औषध नव्हे. खेळाने मनाला मदत होऊ शकते याचे पुरावे आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात 'स्पार्क्स' नावाचा कॉम्प्युटर गेम नैराश्यातल्या किशोरवयीन मुलांसाठी केला, १८७ मुलांवर त्याची रीतसर चाचणी घेतली, आणि नेहमीच्या उपचारांच्या तोडीचा परिणाम मिळाल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तो डॉक्टरांनी केला होता, तिघा एसईवाल्यांनी चिंचोक्यांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. अशा वेळी 'खेळ आहे की' असं म्हणून समुपदेशकाची जागा रिकामी ठेवणं म्हणजे ताप आलेल्याला थर्मामीटर देण्यासारखं आहे. ताप किती ते कळेल, उतरणार नाही. आमच्या खेळात म्हणून एक कार्ड आहे ज्याला चिंचोके लागत नाहीत. त्यावर फक्त नंबर आहे : १४४१६. २०२२ पासून सुरू असलेली सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, फुकट, दिवसरात्र, मराठीतसुद्धा. हे कार्ड खेळ संपल्यावर परत करायचं नाही, खिशात ठेवायचं.

मग माझं म्हणणं नेमकं काय? थोडक्यात सांगते.

एक, पुढच्या इंडक्शनमध्ये एका भाषणाऐवजी हा किंवा असाच खेळ ठेवावा. खर्च म्हणाल तर जुनी ग्राफिक्सची शीटं आणि मेसच्या मावशींनी दिलेले चिंचोके.

दोन, प्रत्येक टेबलावर एक शिक्षक बसावेत, खेळाडू म्हणून, परीक्षक म्हणून नाही. आणि त्यांना तेराची चिठ्ठी मिळावी.

तीन, खेळाची कार्डं दरवर्षी एफईच्या मुलांनीच नव्याने लिहावीत. आमची कार्डं दोन वर्षांत जुनी होतील. आम्ही भातकापणी चुकीची लिहिली, अजून काय काय चुकलं असेल ते आम्हाला कळणार नाही. बीडहून आलेल्या मुलाचं कार्ड वेगळं असेल, घरी आजारी माणूस असलेल्या मुलीचं वेगळं.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. खेळात जे दिसेल ते डिपार्टमेंटने लिहून घ्यावं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं सबमिशन आठ दिवस अलीकडे किंवा पलीकडे नेता येईल का? भत्त्याच्या फॉर्मसाठी ऑफिसात एक टेबल, एक माणूस, पहिल्या महिन्यात ठेवता येईल का? नाहीतर आपण मुलांना फक्त तेरा चिंचोक्यांत जगायला शिकवू, आणि तेराचे चौदा करता येत होते हे विसरून जाऊ.

शिक्षकांना राग येणार नाही अशी आशा आहे. आणि आला तर या, एक डाव खेळू!

शेवटी तुम्हा हॉस्टेलवाल्यांसाठी. मी एफई ऑल क्लिअर झाले. खोलीतल्या बाकी दोघीही झाल्या. त्या वर्षी आम्ही पार्टी केली, बाहेरून पनीर मागवलं. आमच्या आताच्या नियमाने बघितलं तर आम्ही तेव्हा हरलो होतो, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ती पुढच्या परीक्षेला बसणार आहे. फॉर्म भरलाय. या वेळी ऑफिसात आम्ही तिघी तिच्याबरोबर गेलो होतो. विचारायला एकच चिंचोका लागला.

तुमच्या खोलीत कितीजण आहेत? आणि चौथ्या कॉटवरची मुलगी सध्या वर्गात कुठल्या बाकावर बसते, माहीत आहे?

– एक टी. ई. (कॉम्प्युटर)